धूळ उडू नये म्हणून

"सोलापूरला विमानानं गेला होतात ना, कसा झाला प्रवास?" असं आमच्या भिशीतल्या बायका अजून विचारतात. खरं सांगायचं तर मी सोलापूरला विमानानं पोचलेच नाही. वैरागच्या अलीकडे एका कोरड्या तलावात आमचं विमान उलटं झालं आणि तिथून पुढे रुग्णवाहिकेतून गेले. एवढं सांगितलं की बायका "अगंबाई!" म्हणतात आणि पुढच्या हप्त्याकडे वळतात. पण मला जे लागून राहिलंय ते यात कुठेच येत नाही, म्हणून लिहायला बसले. लिहिण्याची मला सवय नाही. तीस वर्षं पुण्यात मुलांची खाणावळ चालवली, तेव्हा "उद्या सुट्टी" एवढंच काय ते फळ्यावर लिहीत आले.

शिरीष माझा धाकटा भाऊ. कारखान्यातली नोकरी संपत आली तेव्हा हा गडी विमान चालवायला शिकला. या वयात माणसं गुडघ्यांना तेल लावतात, यानं तीन मित्रांना गाठून दोन माणसांचं एक छोटं विमान घेतलं. आम्ही घरातल्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. पण विमानाजवळ उभा असला की हा माणूस दहा वर्षांनी लहान दिसायचा, हे मी मनातल्या मनात मान्य केलं होतं. मला अक्कलकोटला जायचं होतं, बरेच दिवस राहून गेलं होतं. तो म्हणाला, "ताई, सोलापूरपर्यंत मी सोडतो. पुढे गाडी करू." मी लगेच हो म्हणाले. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली एकच गोष्ट होती, शेजारच्या खुर्चीत बसण्याची.

वर

मे महिन्यातली सकाळ होती. शिरीषनं माझं वजन विचारलं, मी थोडं कमी सांगितलं, त्यानं मनानंच थोडं वाढवून धरलं. माझ्या पिशवीतला धपाट्यांचा डबा मागे ठेवायला लावला. विमान म्हणजे पंख लावलेली रिक्षाच, दोघं शेजारी बसलो की खांद्याला खांदा लागत होता. पंख डोक्यावर होते, त्यामुळे खालचं सगळं दिसायचं. उजनीचं पाणी उन्हाळ्यानं आत आत सरकलं होतं आणि काठाकाठानं हिरव्या पट्ट्या होत्या. ऊस संपला तशी जमीन काळी, करडी, मग पिवळी झाली. गावं लहान लहान, प्रत्येकात एक पांढरं देऊळ आणि निळ्या पत्र्याची शाळा. मी दर दोन मिनिटांनी "ते काय? हे काय?" विचारत होते आणि तो न कंटाळता सांगत होता. घरी हाच माणूस भाजीत मीठ कमी आहे की जास्त तेही धड सांगत नाही.

करमाळ्याच्या पुढे गेल्यावर सोलापूरच्या दिशेला आभाळ मातकट दिसायला लागलं. वळवाचा ढग आणि त्याच्याखाली धूळ. शिरीष रेडिओवर बोलला, मग म्हणाला, "तिकडे वारं सुटलंय. जरा उत्तरेकडून वळसा घालू." वळसा घालता घालता बार्शीच्या बाजूलाही काळं झालं. पुढे ढग, मागे ढग, मध्ये आम्ही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो मात्र शांत होता. म्हणाला, "ताई, इंजिन चांगलं आहे, पेट्रोल आहे, दिसतंयही छान. हे सगळं हाताशी आहे तोवर एखादी चांगली जागा बघून उतरायचं आणि ढग जाऊ द्यायचा. याला खबरदारीचं उतरणं म्हणतात. घाबरलेला माणूस उतरतो तसं नाही, शहाणा माणूस उतरतो तसं."

आणि खरंच त्यानं शहाण्यासारखंच केलं. वैरागच्या अलीकडे एक पाझर तलाव दिसला, उन्हाळ्यानं पूर्ण आटलेला. तळ सपाट, लांबलचक, मध्ये दगड नाही की झाड नाही. तो एकदा उंचावरून फिरला, मग खालून फिरला, मग इतका खालून गेला की तळावरच्या शेळ्या उधळल्या. "एकदम कडक जमीन," तो म्हणाला, "रस्त्यासारखी." बांधावर माणसं जमायला लागली होती. त्यांनी शेळ्या हाकलायला सुरुवात केली तशी शिरीषनं लांबची फेरी घेतली, त्यांना वेळ मिळावा म्हणून. फिरून येताना मला खाली एक ट्रॅक्टर पळताना दिसला. मी म्हणाले, "बघ, ट्रॅक्टर पण बाजूला घेतायत बिचारे." तो म्हणाला, "माणसं हुशार आहेत गं."

आम्ही खाली आलो. शेतांवरून, टेकडीवरून ढगांच्या सावल्या पळत होत्या. तलावाच्या तळावरही एक काळा पट्टा होता. आम्हाला दोघांनाही ती सावलीच वाटली.

तलावात

चाकं टेकली आणि काहीतरी धरल्यासारखं झालं. इतकंच मला आठवतं. नंतर शिरीषनं सांगितलं की चाकांवर जी टोपणं असतात त्यांत चिखल घट्ट बसला, चाकं फिरेनाशी झाली आणि पुढचं चाक मोडून विमान नाकावरच्या पंख्यावरून पलटी झालं. मला एवढंच कळलं की मी पट्ट्याला उलटी लटकले आहे, माझी पिशवी तोंडाशी आली आहे आणि पेट्रोलचा वास येतोय. शेजारी शिरीष कण्हत होता. त्याचा उजवा हात विचित्र वळला होता.

दार उघडलं आणि एक पांढरी टोपी आत आली. साठीचा, काळा, काटक माणूस. त्यानं वरखाली बघितलं आणि एका क्षणात सगळं ओळखलं. "ताई, पट्टा सोडू नगा, डोक्यावर पडचाल," तो म्हणाला. मग आत रांगत आला, माझ्याखाली ओणवा झाला आणि म्हणाला, "आता सोडा. माज्या पाटीवर पडा." मी पट्टा सोडला आणि माझं सगळं वजन, खरं वजन, त्या माणसाच्या पाठीवर पडलं. तो नुसता हुंकारला. तसंच त्यानं शिरीषलाही काढलं, त्याचा हात आपल्या उपरण्यात बांधून.

बाहेर आलो तर पाय सरकला. चप्पल जागच्या जागी रुतली. काळी माती, वरवर ओली, लोण्यासारखी. इतका कोरडा तलाव आणि इथेच चिखल कुठून आला, मला उमगेना. तेवढ्यात तो माणूस आमच्यापुढे हात जोडून उभा राहिला. घाबरला होता, पण आवाजात एक समाधानही होतं.

"तुमाला धूळ लागू नये म्हणून लगेच पाणी मारलं हो, साहेब. तुमी तीनदा खाली आलात, तवाच वळखलं, हितंच उतरणार. टँकर हुताच हितं."

त्याचं नाव सदाशिव, गावात सगळे सदातात्या म्हणतात. ट्रॅक्टरला जोडलेला प्यायच्या पाण्याचा टँकर तो चालवतो. निवडणुकीत पुढाऱ्यांचं हेलिकॉप्टर यायचं असलं की शाळेच्या मैदानावर फक्कीनं गोल आखायचा आणि सगळं मैदान पाण्यानं भिजवायचं काम तात्यांचं. पंख्यानं धूळ उडाली की मंचावरच्या लोकांच्या डोळ्यांत जाते, हार खराब होतात, म्हणून पाणी मारायचं. तालुक्यात त्यांच्याइतकं झटपट पाणी कुणी मारत नाही, अशी त्यांची ख्याती. आमच्या विमानाला घिरट्या घालताना बघून त्यांनी टँकरची तोटी उघडी सोडून ट्रॅक्टर पळवला होता. गावाला दोन दिवस पुरणारं पाणी त्यांनी आमच्यासाठी ओतलं होतं, नेमकं जिथे आम्ही टेकणार होतो तिथे.

शिरीषनं त्यांच्याकडे बघितलं. हाताची कळ मस्तकात गेलेली, डोळ्यांसमोर विमान उलटं पडलेलं. तो ओरडला, "अहो, पाणी मारलंत म्हणून तर पडलो! पाण्यानंच घात केला सगळा!"

सगळा गाव उभा होता. सगळ्यांनी ऐकलं.

तात्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग कुणीतरी हसलं, कुणीतरी "काय केलंस रं तात्या" म्हणालं. बांधावर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांपैकी एक जण बोलली, "प्यायचं पाणी बी गेलं आन् इमान बी." त्याच बाईनं पाच मिनिटांनी आमच्यासाठी घरातल्या तळाच्या पाण्यातून चहा करून आणला. माझ्या खाणावळीत उन्हाळ्यात पाण्याचा तोटा असला की मी मुलांना ताटं कमी पाण्यात धुवा म्हणून दरडावायची. इथे मला चहाचा कप हातात धरवत नव्हता.

आणि वळीव आलाच नाही. ढग डोक्यावरून गेला, एक थेंब न पडता, आणि आभाळ निळं स्वच्छ झालं. थोडी कळ काढून वरच घिरट्या घालत राहिलो असतो तरी चाललं असतं. शिरीष ते आभाळ बघत रुग्णवाहिकेत पडून होता.

दवाखान्यात

वैरागच्या डॉक्टरांनी हात बांधला आणि सोलापूरला पाठवलं. मनगटात सळया घालाव्या लागल्या. मला खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, त्यामुळे मी दवाखान्याच्या व्हरांड्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात चार दिवस काढले. शेजारच्या खाटेपाशी एक विणकर कुटुंब होतं, आपसात तेलुगू आणि आमच्याशी मराठी बोलणारं. त्यांतल्या आजीबाई मला रोज विचारायच्या, "वरून पडला तरी वाचला?" आणि रोज कपाळाला हात लावून देवाचे आभार मानायच्या. पुण्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं नावही कुणी विचारत नाही.

अपघाताच्या चौकशीला सरकारी माणसं आली. शिरीषनं त्यांना सांगितलं, जमीन ओली आहे हे मला वरून कळायला हवं होतं, चूक माझी. तात्यांचं नाव घेतलं नाही. मला बरं वाटलं. पण हे तात्यांना कोण सांगणार?

घरी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. मनगट पूर्ण वळेनासं झालं आणि शिरीषचं विमान चालवणं संपलं. तो त्याबद्दल बोलत नाही. वरून विमान गेलं की वर बघतही नाही, आणि हे बघून मला रडू येतं. दुसरी गोष्ट म्हणजे एक फोन आला. मी निघताना चहावाल्या बाईंना माझा नंबर दिला होता, तो फिरत फिरत तात्यांच्या बायकोपर्यंत, पारूबाईंपर्यंत, पोचला होता.

"ताई, गावानं ह्यांचं नाव इमानपाड्या ठिवलंय," त्या म्हणाल्या. "हसत्यात सगळी. टँकर सोडला ह्यांनी, पुतण्या चालवतोय. पारावर जात न्हाईत. चतकोर भाकरी खात्यात आन् उटत्यात. साहेबांना एकदा बोलाया सांगा की. मानूस लई झुरतंय."

शिरीषनं त्याच संध्याकाळी फोन केला. तात्या फोनवर आले नाहीत.

परत

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा निघालो. या वेळी मोटारीनं, भाचा चालवत होता. आधी अक्कलकोट केलं. दर्शनाच्या रांगेत पुढच्या बाई कानडीत आणि मागच्या मराठीत एकाच वेळी माझ्याशी बोलत होत्या आणि मी दोघींनाही मान डोलावत होते. प्रसादाला बसलो तेव्हा शिरीष म्हणाला, "ताई, मी ठरवलंय. तात्यांना सांगायचं, इंजिन बिघडलं होतं. चौकशीत तसं निघालं. पाण्याचा काही संबंध नव्हता."

"धडधडीत खोटं?" मी म्हणाले.

"मी ते एक वाक्य बोललो नसतो तर त्यांना कधी कळलंही नसतं. ते मला परत घ्यायचंय. दुसरं कसं घेऊ, सांग."

त्याला स्वतःचं विमान गेल्याचं दुःख होतंच, पण त्यापेक्षा हे जास्त खात होतं. मी म्हणाले, ठीक आहे, सांग.

तात्यांचं घर तलावाच्या बांधापासून जवळच. तलावात आता पाणी होतं, हिरवट, शांत, आणि त्यात म्हशी डुंबत होत्या. तात्या ओट्यावर बसले होते. ओळखू येऊ नयेत इतके वाळलेले. आम्हाला बघून उठले आणि आत जायला लागले, पण पारूबाईंनी दारातच अडवलं. मग बसले, शिरीषच्या मनगटाकडे बघत.

शिरीषनं सांगितलं. चांगलं सांगितलं, इंजिनाच्या एकेका भागाची नावं घेऊन. शेवटी म्हणाला, "तात्या, त्या दिवशी मी कळवळून बोललो. मला काही माहीत नव्हतं. तुमच्या पाण्यानं काही झालेलं नाही. तुमचा काही दोष नाही."

तात्या म्हणाले, "खरं?"

"खरं."

"स्वामींच्या पायावरनं आलाय नव्हं तुमी?" आमच्या कपाळावरचा अंगारा बघत त्यांनी विचारलं.

शिरीषनं माझ्याकडे बघितलं. "हो. तिकडूनच आलो."

मग तो माणूस रडला. उपरणं तोंडाला लावून, आवाज न करता. उठून आत गेला आणि चुलीपाशी बायकोला सांगताना आम्हाला ऐकू आलं, "पारे, इंजान बिगडलं हुतं म्हनं! माज्या हातनं न्हाय झालं गं, माज्या हातनं न्हाय झालं!" पारूबाई काय म्हणाल्या ते कळलं नाही. पण लगेच परातीचा आवाज आला, पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं. "जेवल्याबिगर जायाचं न्हाय," आतून हुकूम सुटला.

तात्या बाहेर आले ते वेगळेच. आमच्यात येऊन बसले, भाच्याला तंबाखू विचारली, गावातल्या टवाळांना दोन शिव्या हासडल्या. उद्यापासून टँकर परत घेणार म्हणाले. शिरीष इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळा हसला. मलाही वाटलं, एक खोटं बोललं तर बोललं, माणूस तर उभा राहिला.

तेवढ्यात लांबून घरघर ऐकू आली. उंचावरून एक छोटं विमान जात होतं. तात्यांनी हात कपाळाशी धरून बघितलं.

"शिकाऊ पोरं असत्यात ती," ते म्हणाले. "आटवड्यातनं दोनचारदा जात्यात हितनं. साहेब, आता तुमाला सांगतो, माज्या मनात लई हुतं पन भीती बसली हुती. उन्हाळ्यात तलाव आटला की त्यातलं एखादं उतरलंच हितं, तर बगाच. एक टँकर काय, दोन मारतो. सगळा तलाव भिजवून ठिवतो. पोरास्नी धुळीचा कन लागू द्यायचा न्हाय."

शिरीषच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच थिजलं. विमान गेलं तरी तो वरच बघत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला कळलं होतं तो काय करणार आहे, आणि दुसरं काही करता येणार नाही हेही कळलं होतं. विमानात एखादा विशीतला मुलगा असेल, एकटा.

"तात्या," तो म्हणाला, "हेलिकॉप्टरला पाणी मारायचं. ते जागच्या जागी उतरतं. विमानाला मारायचं नाही."

"का?"

"ते चाकांवर पळतं. त्याला कोरडी जमीन लागते."

"आन् वली असली तर?"

शिरीषनं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं. बोलायची गरजच राहिली नाही. तात्यांनी तलावाकडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"म्हंजे पान्यानंच झालं," तात्या म्हणाले.

"हो," शिरीष म्हणाला. "पण तुम्ही ते आमच्यासाठी केलंत, तात्या. प्यायचं पाणी ओतलंत. हेही तितकंच खरं आहे."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पारूबाई मध्येच काहीतरी गुणगुणत होत्या. तात्यांनी उपरण्यानं चेहरा पुसला आणि शिरीषच्या जवळ सरकले.

"पोरांच्या इमानाला न्हाय मारत मी पानी. सबूद देतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पन साहेब, हिला सांगू नगा. तिला तुमचं पयलंच खरं वाटू दे."

पारूबाई ताटं घेऊन बाहेर आल्या. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, वाटीत आमटी. नवऱ्याच्या ताटात त्यांनी दोन भाकऱ्या घातल्या होत्या आणि आमच्याकडे बघून हसत होत्या. तात्यांनी दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी वाढली तर नको म्हणाले नाहीत, तीही खाल्ली. पारूबाई समोर बसून बघत होत्या.